शिशाच्या हिशोबात आठ एमईव्ही जास्तीचे आले कुठनं?

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं की अणूच्या न्यूक्लियसची रचना सांगणारं एकच पक्कं समीकरण आहे का. मी दोन ओळीत उत्तर दिलं, की एकच असं नाही, पाच-सहा मॉडेलं आहेत अन् ज्याचं काम त्याला. त्या दोन ओळींनी घोळ घातला. सेलू, लातूर, अंबाजोगाई, नांदेड, वसमत, सगळीकडनं मेसेज आले, काही चांगलेच रागातले. म्हणून ह्यावेळी सगळी जागा ह्याच विषयाला. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय त्यामुळं नुसती गावं देतोय, अन् प्रश्न थोडे कापलेत.

प्रश्न (सेलू, निवृत्त शिक्षक): पाच-सहा मॉडेलं म्हणजे कुणालाच नक्की माहीत नाही असाच अर्थ झाला की. हायड्रोजनच्या अणूचं गणित कागदावर सुटतं, आम्ही शिकवलंय. मग न्यूक्लियसचंच का सुटत नाही?

उत्तर: सर, रागावू नका, प्रश्न रास्त आहे. अडचणी दोन आहेत अन् दोन्ही एकदम अंगावर येतात, सगळा वांधा तिथं आहे.

अणूत मधोमध जड न्यूक्लियस बसलेला, इलेक्ट्रॉन त्याच्या ओढीत, अन् ती ओढ कूलोंबच्या नियमानं एका ओळीत लिहून होते. न्यूक्लियसच्या आत मधोमध कुणीच बसलेलं नाही. प्रोटॉन अन् न्यूट्रॉन जवळपास सारख्याच वजनाचे, सगळेच एकमेकांना ओढतात, आणि ती ओढ कशी, तर एक-दोन फर्मीपर्यंतच पोचते (मिलीमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक फर्मी), अर्ध्या फर्मीच्या आत शिरलं की उलट ढकलायला लागते, दोघांचे स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) कसे आहेत त्यावर बदलते, वर दोघांना जोडणारी रेषा स्पिनच्या दिशेत आहे का आडवी आहे त्यावरही बदलते. ड्युटेरॉनमधे एक प्रोटॉन अन् एक न्यूट्रॉन, बास, तरी तो पुरता गोल नाही, किंचित लांबट आहे, हे १९३९ लाच कळलेलं. युकावानं १९३५ ला सांगितलं की ही ओढ एका मधल्या कणाच्या देवाणघेवाणीतनं येते, तो पायॉन १९४७ ला सापडला, पण पायॉननं फक्त लांबचा भाग समजतो. जवळचा भाग प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑन ह्या कणांकडं जातो आणि तिथनं सुरुवात करून जड न्यूक्लियसचा हिशोब करणं आजच्या कुठल्याही मशीनला झेपत नाही.

दुसरी अडचण संख्येची. दोन कण असले तर कागदावर सुटतं. लाखो-करोडो असले तर सरासरी काढून मोकळं होता येतं, जसं गॅसचं करतो. न्यूक्लियसमधे असतात चार, छप्पन्न, दोनशे आठ. धड थोडे नाहीत अन् धड ढीगभरही नाहीत.

तर कुणालाच माहीत नाही असं नाही सर, बलाबद्दल बरंच माहितीये, हिशोब उरकत नाही. म्हणून काय धरायचं अन् काय सोडायचं हे ठरवावं लागतं, अन् ते ठरवलं की एक मॉडेल तयार होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मॉडेल कुठं जुळलं यापेक्षा कुठं हुकलं तिकडं जास्त लक्ष द्यावं. ह्या विषयात जे जे नवीन कळलं ते बहुतेक हुकलेल्या जागेवरच कळलंय, पुढच्या उत्तरातनं दिसेलच.

प्रश्न (लातूर, बारावी, नीटची तयारी): सर, लिक्विड ड्रॉप मॉडेल आमच्याकडं नुसतं वाचून घ्या म्हणाले. त्यातनं खरंच आकडा निघतो का?

उत्तर: निघतो, अन् इतका चांगला निघतो की पहिल्यांदा करणारा चकितच होतो. वही घे.

वायत्सॅकरनं १९३५ ला हे सूत्र मांडलं. न्यूक्लियसला पाण्याचा थेंब समजायचं. प्रोटॉन अन् न्यूट्रॉन दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. एकूण न्यूक्लिऑन ए, त्यातले प्रोटॉन झेड. प्रत्येक न्यूक्लिऑन फक्त शेजारच्यांशी जोडलेला, म्हणून बाइंडिंग एनर्जी (न्यूक्लियस पुरता सुटा करायला लागणारी ऊर्जा) ए च्या पटीत, १५.८ गुणिले ए. पण पृष्ठभागावरच्यांना शेजारी कमी, म्हणून १८.३ गुणिले ए चा दोन-तृतीयांश घात वजा. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून ०.७१४ गुणिले झेड गुणिले (झेड वजा एक), भागिले ए चं घनमूळ, हेही वजा. प्रोटॉन-न्यूट्रॉनची संख्या असमान असली की महाग पडतं, म्हणून २३.२ गुणिले फरकाचा वर्ग भागिले ए, वजा. शेवटी दोन्ही संख्या सम असल्या तर १२ भागिले ए चं वर्गमूळ, अधिक. आकडे सगळे एमईव्हीमधे (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप), अन् हे पाच सहगुणक मोजलेल्या वस्तुमानांवरनं बसवलेले आहेत, वेगवेगळ्या पुस्तकात थोडे इकडंतिकडं दिसतील.

लोखंड-५६ घे, म्हणजे ए ५६, झेड २६. पहिलं पद ८८४.८, त्यातनं पृष्ठभागाचे २६७.९ गेले, प्रोटॉनच्या भांडणाचे १२१.३ गेले, असमानतेचे ६.६ गेले, जोडीचे १.६ आले. उरले ४९०.६. प्रयोगात मोजलेला आकडा ४९२.३. अर्धा टक्काही फरक नाही, अन् ह्यात क्वांटम मेकॅनिक्सचं एक समीकरण सोडवलेलं नाही! १९३९ ला युरेनियम फुटतं कसं हे लाईझ माईटनर अन् फ्रिश यांनी ह्याच थेंबावरनं उलगडलं, मग बोर अन् व्हीलरनं त्याचं पूर्ण गणित मांडलं.

आता शिसं-२०८ कर, झेड ८२. तेच पाच आकडे टाकले की १६२८.५ च्या आसपास येतं. मोजलेलं आहे १६३६.४. म्हणजे शिसं थेंबाच्या हिशोबापेक्षा आठ एमईव्हीनं जास्त घट्ट बांधलेलं आहे. तू म्हणशील १६३६ मधे आठ म्हणजे काय लागतंय, अर्धाच टक्का. खरंय, पण सगळ्या न्यूक्लियसांसाठी हा फरक काढून ग्राफ मारला तर तो कसाही विखुरत नाही, ठराविक संख्यांपाशीच जास्तीची घट्टाई साचते. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६, ह्यांना मॅजिक नंबर म्हणतात. शिशात प्रोटॉन ८२ अन् न्यूट्रॉन १२६, दोन्हीकडनं बसलं. थेंबाला असल्या संख्या माहीतच नसतात, पाण्याच्या थेंबात ८२ वा रेणू स्पेशल नसतो. म्हणजे आत दुसरंच काहीतरी चाललेलं आहे.

नीटला एवढं विचारत नाहीत, पण एक्सेलमधे ही पाच पदं टाकून बघ, चार्ट बनव. बाइंडिंग एनर्जीचा पुस्तकातला वक्र स्वतः काढला की परत पाठ करायची गरज पडत नाही.

प्रश्न (अंबाजोगाई, एमएस्सी, सेट-नेटची तयारी करायलोय): हार्मोनिक ऑसिलेटरनं २, ८, २० येतात, पुढचे ४०, ७०, ११२ असे चुकीचे येतात. स्पिन-ऑर्बिट लावलं की बरोबर येतात असं सगळीकडं लिहिलंय पण कसं ते धड कुणी सांगंना. दुसरं, फ्लोरीन-१९ चा स्पिन मी ५/२ काढला, गाइडमधे १/२ दिलाय, छपाईची चूक का?

उत्तर: छपाईची चूक नाही. पण आधी पहिलं.

शेल मॉडेलमधे असं धरतात की प्रत्येक न्यूक्लिऑन बाकी सगळ्यांनी मिळून केलेल्या एका सरासरी खड्ड्यात एकटाच फिरतोय. खड्ड्यातल्या जवळजवळच्या पातळ्यांचा एक गठ्ठा म्हणजे शेल, तो पुरता भरला की न्यूक्लियस घट्ट, अन् तीच मॅजिक संख्या. इतके खेटून बसलेले कण एकमेकांना न धडकता कसे फिरतील, हा आक्षेप त्या काळी मोठमोठ्यांनी घेतलेला. त्याचं उत्तर पाउलीच्या नियमात आहे: धडकून जायचं म्हणलं तर ज्या जागेवर जायचं ती आधीच भरलेली असते, त्यामुळं धडक होतच नाही.

खड्डा ऑसिलेटरचा, म्हणजे स्प्रिंगसारखा, धरला की ४०, ७०, ११२ येतात. मारिया गोपर्ट मायर ह्यावर अडकून बसलेल्या, त्यांच्याच सांगण्याप्रमाणं फर्मीनं जाता जाता विचारलं की स्पिन-ऑर्बिटची काही खूण दिसते का, अन् त्यांना सगळं एकदम दिसलं. (शिकागो विद्यापीठात तेव्हा त्यांना प्राध्यापकीचा पगार मिळत नव्हता, अर्गोन लॅबमधे अर्धवेळ नोकरी होती. १९६३ ला नोबेल, मारी क्युरीनंतर फिजिक्समधे दुसरी बाई.) मायर यांचं हे काम १९४९ चं, त्याच वर्षी जर्मनीत हॅक्सेल, येन्सेन अन् झ्यूस हे तिघं वेगळ्या वाटेनं तिथंच पोचले.

आता गणित बघ, दोन मिनिटाचं आहे. कणाच्या कक्षेतल्या फिरण्याचं ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम अन् त्याचा स्पिन एकाच दिशेत असले तर ती पातळी खाली येते, उलटे असले तर वर जाते. अणूत हा परिणाम बारीक असतो, न्यूक्लियसमधे दांडगा असतो. त्यामुळं प्रत्येक वरच्या शेलमधली सगळ्यात मोठ्या जे ची (जे म्हणजे ह्या दोघांची बेरीज) पातळी घसरून खालच्या शेलमधे येऊन बसते. एका पातळीत जागा किती, २जे अधिक १. ४० च्या वरनं जी ९/२ (जी हे कक्षेचं नाव, ९/२ हा जे) खाली आली, तिच्यात १० जागा, ४० अधिक १० म्हणजे ५०. ७० च्या वरनं एच ११/२ आली, १२ जागा, झाले ८२. ११२ च्या वरनं आय १३/२, १४ जागा, १२६. आणि एफ ७/२ पूर्ण खाली न येता मधेच एकटी उभी राहते, २० अधिक ८, म्हणजे २८. एवढंच. पाठ करायचं काही नाही.

ऑक्सिजन-१७ मधे नववा न्यूट्रॉन डी ५/२ मधे एकटा, स्पिन ५/२ प्लस, प्रयोगातही तेच. हाच नियम लावून फ्लोरीन-१९ च्या नवव्या प्रोटॉनला तू ५/२ दिलास. पण फ्लोरीन-१९ चा ग्राउंड स्टेट (सगळ्यात खालची पातळी) खरंच १/२ प्लस आहे, अन् तुझा ५/२ प्लस त्याच्या वर फक्त १९७ केईव्हीवर बसलाय (हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही). शेल मॉडेलचं हे साधं रूप इथं हुकतं, कारण आपण खड्डा गोल धरला. बाहेरच्या शेलमधे एक प्रोटॉन अन् दोन न्यूट्रॉन आले की ते तिघं मिळून न्यूक्लियसला लांबट करतात. लांबट खड्ड्यात डी ५/२ पातळीचे तीन तुकडे होतात अन् सगळ्यात खाली १/२ चा तुकडा जातो. हे गणित स्वेन गोस्टा निल्सननं १९५५ ला केलं. सोडियम-२३ लाही असाच झोल आहे, तिथं ५/२ ऐवजी ३/२ येतो. परीक्षेत विचारणारे नेमके हेच दोन विचारतात, लक्षात ठेव.

लांबट न्यूक्लियसची कल्पना रेनवॉटरची, १९५० ची, अन् पुढं आगे बोर (नील्स बोरचा मुलगा) आणि मोटेलसन यांनी तिचा पसारा केला, तिघांना १९७५ चं नोबेल. लांबट असला तर तो गरगर फिरू शकतो, गोल असला तर फिरलेला कळणारच नाही. फिरणाऱ्याची ऊर्जा आय गुणिले (आय अधिक १) च्या पटीत हवी, आय म्हणजे त्या पातळीचा स्पिन, इथं २, ४, ६. युरेनियम-२३८ च्या पातळ्या ४५, १४८, ३०७ केईव्ही. ६, २०, ४२ चं प्रमाण लावून बघ, १५० अन् ३१५ यायला पाहिजेत. थोडे कमी का? तर जोरात फिरताना तो थोडा ताणला जातो. आणि शिसं-२०८ ला पहिल्या पातळीवर उचलायलाच २६१५ केईव्ही लागतात, म्हणजे युरेनियमच्या साधारण ५८ पट, इतकं ते घट्ट अन् गोल. असल्या पातळ्या मोजायचं काम आपल्याकडं पण चालतं, मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पेलेट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आहे अन् इंगा नावाची गॅमा डिटेक्टरांची जुळणी मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी फिरत असते. एमएस्सीनंतर तिकडं नजर ठेव.

प्रश्न (नांदेड, सॉफ्टवेअरमधे नोकरी): दोनशे कणांसाठी सुपरकॉम्प्युटर कशाला? माझ्या गेमिंग लॅपटॉपवर लाखभर कणांचं सिम्युलेशन मस्त चालतं.

उत्तर: भाऊ, तुमच्या गेममधे प्रत्येक कण एका वेळी एकाच जागी असतो. क्वांटममधे तसं नाही, कणांच्या सगळ्या शक्य मांडण्या एकदम हिशोबात घ्याव्या लागतात.

निकेल-५६ घ्या. २८ प्रोटॉन, २८ न्यूट्रॉन. आतले वीस-वीस गोठलेले धरा, त्यांना हात लावायचा नाही. उरले आठ प्रोटॉन, त्यांना वरच्या शेलमधे वीस जागा. वीस सीटच्या टमटममधे आठ जण किती प्रकारे बसतील तर १,२५,९७० प्रकारे. न्यूट्रॉनचे पण तेवढेच. दोन्हीचा गुणाकार करा, १५८७ कोटींच्या घरात जातो. दिशेचा नियम लावून त्यातल्या बऱ्याच मांडण्या बाद करता येतात, तरी १०८ कोटी ७४ लाखाच्या वर उरतात. एवढ्या रांगा अन् एवढेच रकाने असलेलं मॅट्रिक्स, आणि त्याच्या सगळ्यात खालच्या चार-दोन आयगन व्हॅल्यू, म्हणजे पातळ्यांच्या ऊर्जा, पाहिजेत. पुरतं मॅट्रिक्स कुणी सोडवत नाही, लान्झोस नावाची पद्धत आहे, ती खालच्या तेवढ्या काढून देते, पण तरी मशीन दणकट लागतं. आणि हे तर वीस-वीस जण गोठवल्यावरचं झालं.

तुमच्या लॅपटॉपला काम मात्र आहे. केशेल म्हणून फुकट प्रोग्राम मिळतो, लिनक्सवर चालतो. त्याच्यात सिलिकॉन-२८ टाका, १२ जागा, ६ प्रोटॉन अन् ६ न्यूट्रॉन, मांडण्या फक्त ९३,७१०. चहा होईस्तोवर उत्तर येतं, अन् पातळ्या प्रयोगाच्या बऱ्याच जवळ असतात. कोडिंग येणाऱ्यानं हे एकदा करावंच असं मला वाटतं, पुस्तकात जे चार पानात कळंना ते आउटपुटच्या फाइलीत दिसतं.

जड न्यूक्लियसांसाठी मांडण्या मोजायचा नादच सोडतात. प्रत्येक कणाला बाकीच्यांची सरासरी दिसते असं धरायचं, त्या सरासरीतनं कणांच्या जागा काढायच्या, त्या जागांवरनं परत नवी सरासरी, असं दोन्ही जुळेपर्यंत फिरवत राहायचं. हार्ट्री-फॉक म्हणतात. बलाच्या जागी स्कर्म किंवा गोन्यी यांची सोयीची सूत्रं घालतात, अन् दुसरी एक शाखा सापेक्षतावाद धरून करते, तिच्यात आयआयटी मुंबईचे वाय. के. गंभीर यांनी रिंग अन् थिमेट यांच्यासोबत १९९० ला केलेलं काम जगभर वापरतात. असल्या पद्धतीनं २०१२ ला सगळा नकाशा काढला तर साधारण ७००० न्यूक्लियस बांधलेले राहू शकतात असं निघालं. आजवर बघितलेले त्याच्या निम्म्याच्या आसपास, अन् टिकाऊ तर अडीचशेच.

प्रश्न (अर्धापूर, केळी उत्पादक): केळीमधे किरणोत्सर्गी पोटॅशियम असतं असं व्हॉट्सॅपवर फिरायलंय. खरंय का? भाव पाडायला कुणी सोडलं का हे?

उत्तर: खरंय, आणि काळजीचं काडीचं कारण नाही. निसर्गातल्या सगळ्याच पोटॅशियममधे ०.०१२ टक्क्याच्या आसपास पोटॅशियम-४० असतं, बटाट्यात, डाळीत, तुमच्या-माझ्या अंगातसुद्धा. आपल्या शरीरात सेकंदाला ४००० च्या वर पोटॅशियम-४० फुटत असतात, एका केळानं त्यात पंधरा-एक वाढतात, अन् शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं.

पण तुम्ही नकळत ह्या अंकाच्या विषयावरच बोट ठेवलंय. पोटॅशियम-४० मधे १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम, जोडीचा फायदा कुठंच नाही. असले न्यूक्लियस बहुतेक लवकर मरतात, ह्याचं अर्धआयुष्य मात्र १२५ कोटी वर्षं. का, तर शेल मॉडेल सांगतं की २० भरायला एक प्रोटॉन कमी पडलाय अन् २० च्या वर एक न्यूट्रॉन गेलाय, त्या दोघांचे स्पिन मिळून ४ होतात. ज्या कॅल्शियम-४० मधे जायचं त्याचा स्पिन शून्य. एका झटक्यात चार स्पिनची उडी मारणं फार अवघड, म्हणून बिचारा अडकून पडलाय.

ह्याच पोटॅशियम-४० वर १९५६ ला एस. पी. पंड्या यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली, ते पुढं अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे संचालक झाले. क्लोरीन-३८ मधे त्याच शेलमधे एकच प्रोटॉन असतो आणि पोटॅशियम-४० मधे एक सोडून सगळे. पंड्यांनी सूत्र दिलं की एकाच्या पातळ्यांवरनं दुसऱ्याच्या पातळ्या थेट काढता येतात, न्यूक्लियसमधलं बल नेमकं कसं आहे हे माहीत नसताना. आकडे बसले. आजही त्याला पंड्या रिलेशन म्हणतात, अन् आपल्याकडच्या पोरांना ते नाव पेपर सोडवतानाच पहिल्यांदा कळतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, संशोधक विद्यार्थिनी): आता अॅब इनिशिओ पद्धती आल्यात, थेट बलापासून सुरुवात करतात. मग थेंब, शेल, निल्सन हे सगळं भंगारात का?

उत्तर: नाही हो. पण ह्या पद्धतींनी एक गोष्ट उघडी पाडली, ती सांगतो. ट्रिटियम (हायड्रोजनचा जड प्रकार) घ्या, एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, तीनच कण. दोघादोघांमधलं बल प्रयोगावरनं अगदी काटेकोर बसवलेलं घेऊन हिशोब केला तर बाइंडिंग ७.६ एमईव्ही येतं, खरं ८.५. हेलियम-४ ला २४.३ येतं, खरं २८.३. हिशोब चोख, बल चोख, तरी कमी. कारण तिघं एकत्र आले की दोघादोघांच्या बेरजेपेक्षा वेगळं बल तयार होतं. फुजिता अन् मियाझावा यांनी हे १९५७ लाच मांडलेलं, पण त्याचा खरा हिसका ऑक्सिजननं दाखवला.

ऑक्सिजनमधे न्यूट्रॉन वाढवत गेलं तर ऑक्सिजन-२४ ला गाडी थांबते, पुढचा टिकत नाही. एक प्रोटॉन वाढवून फ्लोरीन केलं की फ्लोरीन-३१ पर्यंत जातं, एका प्रोटॉनच्या जिवावर सहा न्यूट्रॉन जास्तीचे! दोघादोघांचंच बल धरलं तर ऑक्सिजन-२८ सुद्धा टिकायला पाहिजे होता, आठ प्रोटॉन, वीस न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक. २०१० ला ओत्सुका अन् सहकाऱ्यांनी दाखवलं की तिघांच्या बलातला ढकलणारा भाग घातला की रेघ बरोबर २४ वर येते. २०२३ ला जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत ऑक्सिजन-२८ प्रत्यक्ष बनवून बघितला, तर तो लगेच चार न्यूट्रॉन टाकून ऑक्सिजन-२४ झाला. मॅजिक नंबर कायमचे दगडावर कोरलेले नसतात हे त्यातनं पक्कं झालं, उलट कॅल्शियममधे ३२ अन् ३४ न्यूट्रॉनला नवीनच घट्टाई दिसते.

ह्या पद्धती २००० च्या सुमारास दहा-बारा न्यूक्लिऑनपाशी दमत होत्या, २०२२ ला शिसं-२०८ पर्यंत पोचल्या. पण एकेक न्यूक्लियस करायला जो वेळ लागतो तो बघता युरेनियम फुटायचं गणित, किंवा ताऱ्यात सोनं तयार होताना लागणारी हजारो वस्तुमानं, ह्यांना अजून थेंब अन् सरासरीचीच मॉडेलं लागतात. आणि अॅब इनिशिओच्या पानभर आकड्यातनं हा न्यूक्लियस लांबट आहे हे ओळखायला डोक्यात निल्सन असावाच लागतो. तुमच्या गाइडनं सरसकट जुनं सोडा असं सांगितलं असेल तर हे त्यांच्या कानावर घाला, माझं नाव सांगितलं तरी चालेल.

प्रश्न (वसमत, बीएस्सी): आमच्या औंढ्याजवळ लायगो व्हायलंय. तिथं तारे-बिरे धडकलेले ऐकणार म्हणतात. तुमच्या ह्या न्यूक्लियसचा त्याच्याशी काही संबंध आहे का, का उगी आपलं?

उत्तर: आहे, अन् चांगलाच थेट आहे. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र, जड तारे आदळताना अवकाशात उठणाऱ्या लहरी. औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ ला मंजुरी दिली, २६०० कोटीचं काम, चार-चार किलोमीटरचे दोन हात.

शिसं-२०८ मधे प्रोटॉनपेक्षा ४४ न्यूट्रॉन जास्त आहेत. हे जास्तीचे जातात कुठं? थोडे आत मिसळतात, थोडे बाहेर येऊन पातळ साल तयार करतात. साल किती जाड हे एकाच गोष्टीवर ठरतं, न्यूट्रॉनच न्यूट्रॉन असलेला पदार्थ दाबला तर किती विरोध करतो. अन् न्यूट्रॉन तारा तर जवळजवळ तसल्याच पदार्थाचा, दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा गोळा. साल जाड, तर पदार्थ कडक, तर तारा मोठा.

साल मोजायची म्हणजे कटकट, कारण न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही. अमेरिकेत जेफरसन लॅबमधे उजव्या अन् डाव्या स्पिनचे इलेक्ट्रॉन शिशावर मारून त्यांच्या विखुरण्यातला फरक मोजला, दहा लाखात अर्धा भाग एवढा बारीक. २०२१ ला उत्तर आलं ०.२८ फर्मी, अधिक-उणे ०.०७. अॅब इनिशिओवाल्यांनी २०२२ ला काढलं ०.१४ ते ०.२०. त्याच लॅबनं कॅल्शियम-४८ ची साल मोजली तर ती पातळ निघाली, ०.१२. दोन्ही मोजमापं नीट बसवणारं मॉडेल सापडायला जड जायलंय, अन् सध्या ह्या विषयातली सगळ्यात मजेशीर गाठ हीच आहे असं माझं मत.

लायगो इथं कामाला येतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले तेव्हाच्या लहरी पकडल्या. आदळायच्या आधी ते एकमेकांना किती ताणतात ते लहरीत उमटतं, त्यावरनं त्रिज्या साधारण ११ ते १३ किलोमीटर निघाली, म्हणजे फार जाड सालीला ते फारसं मानवत नाही. अशा टकरी जितक्या जास्त अन् जितक्या स्पष्ट पकडता येतील तितका हा वाद मिटत जाईल. औंढ्याचं मशीन सुरू झालं की लहर आकाशात कुठनं आली ते जास्त नेमकं कळेल, दुर्बिणी लगेच तिकडं वळवता येतील. बीएस्सी झाल्यावर तिथं काय काय शिकायला मिळतं ह्याची आत्ताच चौकशी करून ठेवा, गावाजवळ आहे.

प्रश्न (जालना, सळईच्या कारखान्यात सुपरवायझर): पोराच्या पुस्तकात लिहिलंय लोखंड सगळ्यात स्थिर. नेटवर निकेल लिहिलंय. कुठलं खरं?

उत्तर: प्रति न्यूक्लिऑन बाइंडिंग एनर्जी बघितली तर निकेल-६२ पहिला, ८.७९५ एमईव्ही. लोखंड-५६ चे ८.७९०. फरक नावापुरता. लोखंड विश्वात जास्त का, तर फुटणाऱ्या ताऱ्यात निकेल-५६ तयार होतं, ते कोबाल्ट-५६ होतं अन् मग लोखंड-५६ वर येऊन थांबतं, निकेल-६२ कडं जायची तशी सरळ वाट नाही. पोराला सांगा, पर्यायात निकेल-६२ असेल तर त्यावर टिक कर, नसेल तर लोखंड-५६.